उपक्रम संसाधन नियोजन व मूल्यशृंखला

एखाद्या उद्योगसंस्थेची खरेदी, मालसाठा, उत्पादन, विक्री, वाहतूक, मनुष्यबळ व हिशेब ही सर्व कामे एकाच सामाईक माहितीसाठ्याच्या आधारे चालविणाऱ्या संगणकीय आज्ञावलींच्या संचास ‘उपक्रम संसाधन नियोजन प्रणाली’ असे म्हणतात. उद्योगव्यवहारात ती ईआरपी या आद्याक्षरांनी ओळखली जाते. कच्चा माल मिळविण्यापासून पक्का माल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत ज्या क्रियांमुळे वस्तूच्या मूल्यात भर पडत जाते, त्या क्रियांच्या मालिकेस ‘मूल्यशृंखला’ म्हणतात. बहुराष्ट्रीय निगमांच्या मूल्यशृंखला अनेक देशांत पसरलेल्या असल्याने त्यांच्या बाबतीत या प्रणालीचे परिणाम विशेष दूरगामी ठरले आहेत. मराठवाड्यातील लातूर व नांदेड हे जिल्हे सोयाबीन, कापूस, तूर यांसारख्या मालामुळे अशा शृंखलांच्या आरंभबिंदूशी येतात. त्यामुळे प्रणालीचे सामर्थ्य व तिची मर्यादा या दोहोंचा अभ्यास तेथे चांगल्या प्रकारे करता येतो.

ऐतिहासिक विकास : मालसाठा किती ठेवावा, या प्रश्नाचे गणिती उत्तर फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये मांडले. संगणकाचा वापर सुरू झाल्यावर १९६० नंतरच्या दशकात ‘सामग्री-गरज नियोजन’ ही पद्धती पुढे आली. जोसेफ ऑर्लिकी यांच्या १९७५ मधील ग्रंथाने तिला शास्त्रशुद्ध रूप दिले. तयार वस्तूंची मागणी ठरली, की प्रत्येक सुट्या भागाची गरज केव्हा व किती लागेल याचे उलट गणित करणे, हा तिचा गाभा होय. पुढे ऑलिव्हर वाइट यांनी यंत्रक्षमता, मनुष्यबळ व वित्त यांचा तिच्यात अंतर्भाव केला. एकत्रित प्रणालीस ‘उपक्रम संसाधन नियोजन’ हे नाव गार्टनर या सल्लागार संस्थेने १९९० मध्ये दिले.

जर्मनीत १९७२ मध्ये आयबीएम कंपनीतून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी सॅप ही कंपनी स्थापन केली. तिची आर/३ ही आज्ञावली १९९२ मध्ये बाजारात आली. अनेक देशांतील चलने, भाषा व करपद्धती एकाच प्रणालीत सामावून घेण्याची सोय असल्यामुळे बहुराष्ट्रीय निगमांनी ती झपाट्याने स्वीकारली. नेस्ले या स्विस निगमाने २००० मध्ये हाती घेतलेली ‘ग्लोब’ योजना हे या एकसूत्रीकरणाचे ठळक उदाहरण होय. भारतात चेन्नईच्या रॅम्को समूहाने १९९० नंतरच्या दशकात ‘मार्शल’ ही देशी प्रणाली विकसित केली.

मूल्यशृंखलेशी संबंध : मूल्यशृंखलेची कल्पना मायकेल पोर्टर यांनी १९८५ मध्ये मांडली. आवक, उत्पादन, जावक, विपणन व विक्रीपश्चात सेवा या त्यांच्या मते प्राथमिक क्रिया होत. खरेदी, तंत्रविकास, मनुष्यबळ व व्यवस्थापकीय संरचना या साहाय्यक क्रिया होत. जुन्या पद्धतीत प्रत्येक विभाग आपली स्वतंत्र नोंदवही ठेवी. गोदामाचा आकडा हिशेबखात्याच्या आकड्याशी जुळविण्यात महिन्याचे अनेक दिवस जात. नव्या प्रणालीत घटना एकदाच नोंदली जाते आणि तिचे परिणाम सर्व खात्यांवर आपोआप उमटतात. मालाचा ट्रक फाटकातून आत आला, की साठा वाढतो, पुरवठादाराचे देणे निर्माण होते आणि उत्पादनाच्या वेळापत्रकात त्या मालाचा विचार होऊ लागतो. अशा रीतीने मूल्यशृंखलेतील क्रिया जोडणारे दुवे, जे पूर्वी पत्रे, फोन व कारकुनांच्या स्मरणावर अवलंबून होते, ते प्रणालीचा भाग बनतात.

कार्यपद्धती : या प्रणालीत उत्पादनाचे दोन मूलभूत प्रकार मानले जातात : जुळणीचे व विघटनाचे. लातूर येथे या दोहोंची उदाहरणे आढळतात.

जुळणीच्या उत्पादनात अनेक भागांपासून एक वस्तू तयार होते. लातूरच्या मराठवाडा रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली व पहिल्या डब्याचा सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडला. भारतीय रेल्वेने २०२३ मध्ये रेल विकास निगम व रशियाचा ट्रान्समॅशहोल्डिंग समूह यांच्या संयुक्त कंपनीशी वंदे भारत शयनयान गाड्यांच्या १,९२० डब्यांसाठी करार केला व त्यांच्या निर्मितीसाठी हा कारखाना ठरविण्यात आला. अशा उत्पादनात प्रत्येक डब्याची ‘घटकसूची’ प्रणालीत नोंदलेली असते. आराखड्यात एखादे प्रसाधनगृह वाढविले, तरी नळ, तारा, वजन, पुरवठादारांच्या मागण्या व तारखा या सर्वांत बदल करावा लागतो. हे बदल वेगवेगळ्या देशांतील पुरवठादारांपर्यंत एकाच वेळी पोहोचविणे, हे प्रणालीचे काम असते.

विघटनाच्या उत्पादनात क्रम उलटा असतो; एका कच्च्या मालापासून अनेक वस्तू निघतात. सोयाबीनपासून विद्रावक निष्कर्षणाने तेल काढताना १०० किग्रॅ. दाण्यांपासून सु. १८ किग्रॅ. तेल व ८० किग्रॅ.च्या आसपास पेंड मिळते. तेलाला मागणी असो वा नसो, पेंड करावयाची तर तेल निघणारच. त्यामुळे दाण्याच्या खरेदीचा भाव तेल व पेंड या दोहोंच्या अपेक्षित विक्रीतून प्रक्रियाखर्च वजा करून ठरवावा लागतो. प्रणालीत हा हिशेब सतत चालू असतो. परदेशी बाजारात पेंडीचा भाव बदलला, की लातूरच्या खरेदी-कक्षात परवडणारा कमाल भाव त्याच दिवशी नव्याने काढता येतो.

बहुराष्ट्रीय निगमांवरील परिणाम : आर्चर डॅनियल्स मिडलँड हा १९०२ मध्ये मिनीॲपोलिस येथे आरंभ झालेला अमेरिकन निगम एडीएम या नावाने प्रसिद्ध आहे. पूर्वी टिन्ना ऑइल्स या भारतीय कंपनीकडे असलेला लातूरचा सोयाबीन प्रक्रिया कारखाना पुढे त्याच्या भारतीय शाखेकडे आला. या निगमाने आपले जगभरचे व्यवहार एका समान चौकटीत आणण्यासाठी ‘वन-एडीएम’ हा कार्यक्रम हाती घेतला. अशा कार्यक्रमांचे मूल्यशृंखलेवरील परिणाम पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला परिणाम प्रमाणीकरणाचा. एकाच मालाला सर्व देशांत एकच संकेतांक, एकच प्रत-परिमाण व एकच लेखापद्धती लागू होते. त्यामुळे दोन देशांतील कारखान्यांच्या उताऱ्याची तुलना करता येते. मात्र स्थानिक व्यवस्थापकाचे स्वातंत्र्य कमी होते. दुसरा परिणाम खरेदी व जोखीम यांच्या केंद्रीकरणाचा. हाती असलेला साठा, वाटेवरील माल व विकून टाकलेला माल यांची बेरीज रोज कळत असल्याने भावातील चढउतारापासून संरक्षण किती घ्यावयाचे ते मुख्यालय ठरवू शकते. तिसरा परिणाम अंतर्गत व्यवहारांचा. एका देशातील शाखेने दुसऱ्या देशातील शाखेला विकलेल्या मालाची किंमत करआकारणीच्या दृष्टीने महत्त्वाची असते. ती नोंद दोन्ही बाजूंस एकदम होत असल्याने एकत्रित ताळेबंद लवकर तयार होतो. चौथा परिणाम कामांच्या स्थलांतराचा. देयके तपासणे, खतावणी, वेतन यांसारखी कामे कोणत्याही देशातील सामाईक सेवाकेंद्रात नेता येतात. भारतातील शहरांत अशी अनेक केंद्रे उभी राहिली, त्यामागे हेच कारण आहे.

या चारही परिणामांचा निष्कर्ष असा, की मूल्यशृंखलेतील सर्वांत मौल्यवान गोष्ट हळूहळू मालावरून मालाविषयीच्या माहितीकडे सरकते. ज्याच्याकडे संपूर्ण शृंखलेची नोंद असते, त्याची सौदाशक्ती वाढते.

शृंखलेचा पहिला दुवा : लातूर व नांदेड भागांत १९९० नंतर सोयाबीनखालील क्षेत्र मोठ्या प्रमाणावर वाढले आणि ज्वारी, सूर्यफूल यांसारखी पिके मागे पडली. काढणी सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत चालते. शेतकरी माल बाजार समितीच्या आवारात आडत्याकडे आणतो. तेथे सौदा होतो, माल काट्यावर मोजला जातो आणि हमाली, तोलाई इ. वजा करून आडत्या शेतकऱ्यास पट्टी देतो. अनेक शेतकऱ्यांचे ढीग एकत्र होऊन खरेदीदाराच्या ट्रकमध्ये जातात. कारखान्याच्या फाटकावर जी पहिली संगणकीय नोंद होते, तिच्यात पुरवठादार म्हणून व्यापाऱ्याचे नाव असते, शेतकऱ्याचे नसते. जगभरच्या गोदामांचा हिशेब क्षणात देणारी प्रणाली ज्या शेतात शृंखला सुरू होते, त्या शेतापुरती मात्र अंध असते.

या अंधत्वाची किंमत शेतकऱ्यास कशी मोजावी लागते, हे २०२१ च्या घटनांवरून ध्यानी येईल. त्या वर्षी उन्हाळ्यानंतर सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास गेला. ऑगस्टमध्ये केंद्र शासनाने १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली. हंगाम सुरू झाला तेव्हा भाव बरेच उतरलेले होते. डिसेंबरमध्ये सोयाबीनसह सात शेतमालांच्या वायदे व्यवहारांना स्थगिती मिळाली व तिला पुढे वेळोवेळी मुदतवाढ देण्यात आली. मोठ्या निगमास आपला साठा, मागणी व आयातीचा संभाव्य परिणाम यांचा एकत्रित अंदाज घेता येत होता. वायदेबाजार बंद पडल्यावर शेतकऱ्याच्या हाती भविष्यकालीन भावाचे जे एकमेव जाहीर चिन्ह होते, तेही राहिले नाही. माहितीतील ही विषमता प्रणालीने निर्माण केलेली नसली, तरी तिने ती अधिक तीव्र केली.

प्रत-मोजणीचा प्रश्न : प्रणालीत माल केवळ वजनाने नव्हे, तर प्रतीनेही नोंदला जातो. ओलावा, काडीकचरा, डागी व फुटके दाणे यांचे प्रमाण तपासून देयकातून कपात केली जाते. हमीभाव योजनेतील खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे; २०२४-२५ च्या खरीप हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली होती. या तीन टक्क्यांचा अर्थ गणिताने स्पष्ट होतो. १५ टक्के ओलाव्याच्या १०० किग्रॅ. सोयाबीनमध्ये ८५ किग्रॅ. कोरडा भाग असतो. तोच कोरडा भाग १२ टक्के ओलाव्याच्या मालात मोजला, तर वजन ८५ ÷ ०·८८ म्हणजे सु. ९६·६ किग्रॅ. भरते. म्हणजे केवळ पाण्याबद्दलची रास्त कपात क्विंटलला सु. ३·४ किग्रॅ. होय, भाव ५,००० रुपये धरल्यास ती सु. १७० रुपये होते. वाळविण्याचा खर्च व साठवणीतील जोखीम यांसाठी खरेदीदार याहून काही अधिक कापू शकतो. परंतु ते किती, हे स्वतंत्र दाखविले गेले पाहिजे.

कारखान्याच्या प्रणालीत ही प्रत्येक कपात वेगळ्या रकान्यात असते. बाजारातील सौद्यात मात्र ओलावा पाहून एकच उतरता भाव बोलला जातो आणि पट्टीवर फक्त तो भाव येतो. पाण्याबद्दल किती कापले व नफ्यासाठी किती, हे त्यावरून कळत नाही. एकच माल दोन ठिकाणी दोन प्रकारे नोंदला गेल्याने मूल्याचा काही भाग शृंखलेच्या पहिल्याच दुव्यात निसटतो. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी बाजार या शासकीय योजनेत प्रत-तपासणी व बोली संगणकावर नोंदविण्याची सोय आहे. परंतु नमुना तपासल्यावाचून डोळ्यांनी पाहून सौदा करण्याची पद्धत जोवर चालू राहते, तोवर अशा सोयीचा पूर्ण लाभ होत नाही.

मालाचा माग : अलीकडे परदेशी ग्राहक व शासने मालाचे मूळ शेत विचारू लागली आहेत. युरोपीय संघाने २०२३ मध्ये संमत केलेल्या जंगलतोडविरोधी विनियमाच्या कक्षेत सोयाबीन व त्याची पेंड येतात. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगलतोड झालेल्या जमिनीवर हा माल पिकविलेला नाही, हे भूखंडाच्या भौगोलिक स्थानासह दाखविण्याची जबाबदारी आयातदारावर टाकण्यात आली आहे. विनियमाच्या अंमलबजावणीची तारीख २०२४ व २०२५ मध्ये, अशी दोनदा पुढे ढकलण्यात आली. मराठवाड्यातील सोयाबीनची शेते पिढ्यान्‌पिढ्या वहितीखालील असल्याने मूळ अटीचा अडथळा येथे फारसा नाही. अडचण आहे ती पुराव्याची. शेताचा गट क्रमांक व कारखान्यातील मालाची खेप यांना जोडणारी नोंद बहुधा नसते.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न दोन बाजूंनी चालले आहेत. एडीएम व बायर या निगमांनी महाराष्ट्रातील सोयाबीन उत्पादकांसाठी २०२२ मध्ये शाश्वत शेतीचा प्रायोगिक कार्यक्रम घेतला आणि २०२४ मध्ये तो १ लाख शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. अशा कार्यक्रमांत शेतकऱ्यांची व त्यांच्या लागवडपद्धतींची नोंद निगमाच्या माहितीसाठ्यात होते. दुसऱ्या बाजूने महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये राज्यभर सुरू केलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः आपल्या शेतातील पिकाची छायाचित्रासह नोंद करतो. पहिल्या नोंदीवर निगमाचा ताबा असतो, दुसरीचा आधार सार्वजनिक आहे. भविष्यात मालाचा माग यांपैकी कोणत्या नोंदीवरून काढला जाईल, यावर शेतकऱ्यास खरेदीदार बदलण्याचे स्वातंत्र्य किती राहील, हे बव्हंशी अवलंबून आहे.

नांदेड भागातील कापसाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. नांदेडचे कापूस संशोधन केंद्र एनएचएच ४४ या संकरित वाणामुळे प्रसिद्धीस आले. सरकी काढण्याच्या कारखान्यात अनेक शेतांचा कापूस एकत्र होतो व त्याची गाठ बनते. गाठीपासून मागे शेतापर्यंत जाणारी वाट तेथेच बुजते. म्हणून वस्त्रोद्योगातील निगम दीर्घकाळ ‘राशी-समतोल’ पद्धती वापरीत : जितका प्रमाणित कापूस शृंखलेत आला तितक्याच प्रमाणित मालाची विक्री दाखवावयाची, प्रत्यक्ष धागा कोणताही असो. बेटर कॉटन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये प्रत्यक्ष माग काढण्याची व्यवस्था सुरू केली. भारतात २०२० मध्ये घोषित झालेल्या ‘कस्तुरी कापूस भारत’ या नाममुद्रेखालील गाठींना ओळखचिन्हे लावली जातात. या व्यवस्थांत सरकी कारखान्याची नोंदवही निर्णायक ठरते.

लहान उद्योगांवरील परिणाम : लातूरच्या डाळ गिरण्यांसारखे लहान उद्योग एकेकाळी या प्रणालींच्या परिघाबाहेर होते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. २०१८ मध्ये मालवाहतुकीसाठी ई-मार्गपत्रक व २०२० पासून टप्प्याटप्प्याने ई-बीजक आले. ई-बीजकाची मर्यादा प्रारंभी ५०० कोटी रुपयांच्या उलाढालीची होती. ती ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली. परिणामी मध्यम गिरणीमालकासही मोठ्या खरेदीदाराच्या प्रणालीस समजेल अशा स्वरूपात बीजक तयार करावे लागते. पूर्ण प्रणाली परवडत नसली, तरी टॅलीसारखी हिशेबाची आज्ञावली व प्रशिक्षित लेखनिक यांवर काम भागते. यामुळे अशा गिरण्यांना मोठ्या निगमांचे पुरवठादार होणे सुलभ झाले. त्याचबरोबर नोंदीतील लहानशा चुकीमुळे देयक अडकण्याचा धोकाही वाढला.

मर्यादा : या प्रणाली अपयशी ठरल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये सु. ११·२ कोटी डॉलर खर्चाची नवी प्रणाली ऐन हंगामाच्या तोंडावर सुरू केली. गोदामात माल असूनही सणासाठीच्या सु. १० कोटी डॉलरच्या मागण्या तिला वेळेवर पुरविता आल्या नाहीत. जर्मनीतील लिडल या किरकोळ विक्री करणाऱ्या कंपनीने सु. ५० कोटी युरो खर्चून उभारलेली योजना २०१८ मध्ये सोडून दिली. ती आपल्या मालाचे मूल्यांकन खरेदीच्या किंमतीने करीत असे, तर प्रणाली विक्रीच्या किंमतीने. हा भेद बुजविण्यासाठी केलेले बदल तिला पेलले नाहीत. यावरून दोन नियम निघतात. आवकेच्या हंगामात प्रणाली बदलू नये. सोयाबीनच्या कारखान्यास ऑक्टोबर हा या दृष्टीने सर्वांत वाईट महिना होय. दुसरे असे, की स्थानिक व्यवहाराची रीत समजून घेतल्यावाचून मुख्यालयाचा नमुना तिच्यावर लादू नये. तिसरी व मूलभूत मर्यादा अशी, की काट्यावरील वजन किंवा ओलावामापकाचे वाचन चुकीचे असेल, तर प्रणाली ती चूक दुरुस्त करीत नाही. ती बिनचूकपणे सर्व खात्यांत पोहोचविते.

मूल्यमापन : उपक्रम संसाधन नियोजनाने बहुराष्ट्रीय निगमांचे साठे घटविले, हिशेब वेगवान केले व दूरदूरच्या कारखान्यांचा कारभार एका चौकटीत आणला, हे निर्विवाद आहे. परंतु नोंद जेथे सुरू होते तेथूनच प्रणालीची दृष्टी सुरू होते. त्याआधीच्या दुव्यातील श्रम व मूल्य तिच्या लेखी अस्तित्वात नसतात. कंपनी कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर स्थापन होऊ लागलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेला राज्याचा ‘स्मार्ट’ प्रकल्प यांच्याकडे या संदर्भात पाहावयास हवे. अशा कंपनीने सभासदाचे नाव, गट क्रमांक, वजन व ओलावा यांसह प्रत्येक खेपेची नोंद आपल्याच गोदामात ठेवली, तर खरेदीदारास मालाबरोबर त्याचा मागही विकता येतो आणि कपातीचा हिशेब दोन्ही बाजूंस एकाच रकान्यात दिसतो. त्यासाठी प्रारंभी महागड्या आज्ञावलीची गरज नसते. तपासून घेतलेला काटा, भरवशाचा ओलावामापक व नियमित लिहिलेली खेपवही एवढे साहित्य पुरेसे असते.